साडेतेरा दिवसांचा संकेत आणि सूर्याची साक्ष

पार्श्वभूमी

एका दूरच्या ताऱ्याभोवती ग्रह फिरतो आहे असे आमच्या गटाला वाटू लागले आणि तसा दावा जाहीर करण्याची तयारीही झाली होती. मात्र तीच पद्धत सूर्याच्या मोजमापांवर चालवून पाहिल्यानंतर गटाने तो दावा न करण्याचे ठरवले. गट पाच जणांचा होता आणि मी त्यात मोजमापांच्या विश्लेषणाचे काम पाहत होतो. ताऱ्याचे नाव, दुर्बीण, निरीक्षणांची वर्षे आणि सहकाऱ्यांची ओळख येथे जाणीवपूर्वक वगळली आहे, कारण निर्णय कोणी घेतले यापेक्षा ते कोणत्या टप्प्यावर आणि कशाच्या आधारे घेतले गेले, हे मला मांडायचे आहे.

पद्धत अरीय वेगाची, म्हणजे ताऱ्याचा आपल्या दृष्टिरेषेवरचा वेग मोजण्याची होती. ग्रह आणि तारा दोघेही त्यांच्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरत असल्यामुळे तारा आपल्या दृष्टिरेषेवर किंचित पुढे-मागे होत राहतो, आणि त्याच्या वर्णपटातील शोषणरेषा ठरावीक काळाने निळ्या आणि तांबड्या बाजूला सरकतात. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवतीचा ग्रह याच पद्धतीने शोधला, तेव्हा ताऱ्याचा वेग सुमारे ५६ मीटर प्रति सेकंद एवढ्या प्रमाणात वर-खाली होत होता. गुरूमुळे सूर्याला मिळणारा वेग सुमारे साडेबारा मीटर प्रति सेकंद आहे, तर पृथ्वीमुळे मिळणारा वेग अवघा ९ सेंटिमीटर प्रति सेकंद. पृथ्वीसारखा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याभोवती शोधायचा असेल तर हा ९ सेंटिमीटरचा संकेत वर्षभराच्या लांबीवर ओळखता आला पाहिजे.

उपकरणांनी या दिशेने मोठी मजल मारली आहे. चिलीतील ला सिया येथे २००३ पासून काम करणारा हार्प्स, ला पाल्मा बेटावर २०१२ मध्ये सुरू झालेला हार्प्स-नॉर्थ आणि त्यानंतरचे एस्प्रेसो, एक्स्प्रेस, नीड यांसारखे स्पेक्ट्रोग्राफ, म्हणजे वर्णपट नोंदवणारी उपकरणे, तापमान आणि दाब कमालीचे स्थिर ठेवून काम करतात. हार्प्ससारख्या उपकरणात एक मीटर प्रति सेकंद हा वेग म्हणजे संवेदकावर रेषेचे एका पिक्सेलच्या साधारण हजाराव्या भागाएवढे सरकणे होय. एवढे सूक्ष्म सरकणे आता विश्वासाने मोजता येते, आणि म्हणूनच अडचण उपकरणाकडून ताऱ्याकडे आली आहे. ताऱ्याचा पृष्ठभाग स्थिर नसतो. सूर्याचाच विचार केला तर त्याचे पृष्ठ सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाने कंप पावते. खालून वर येणाऱ्या तप्त वायूचे हजारभर किलोमीटर रुंदीचे पुंजके काही मिनिटांत तयार होऊन विरतात, त्यांहून कितीतरी मोठे प्रवाह दिवस-दीड दिवस टिकतात, आणि डाग व त्यांच्याभोवतीचे तेजस्वी चुंबकीय प्रदेश परिवलनाबरोबर समोर येतात आणि मागे जातात. यांतील प्रत्येक गोष्ट वर्णपटरेषा हलवते, आणि हे हलणे ९ सेंटिमीटरपेक्षा पुष्कळ मोठे असते.

प्रश्न कसा उभा राहिला

आमचा तारा सूर्यासारखा, तेजस्वी आणि त्या मानाने शांत होता. दोन हंगामांत मिळून सुमारे १४० रात्रींची मोजमापे जमली होती, आणि प्रत्येक रात्री पंधरा मिनिटांचे एक निरीक्षण होते. या मोजमापांच्या पिरिऑडोग्राममध्ये, म्हणजे कोणते आवर्तन किती ठळक आहे हे दाखवणाऱ्या आलेखात, १३.६ दिवसांवर स्पष्ट शिखर दिसले. वेगाचा आयाम, म्हणजे सरासरीपासून वर-खाली होण्याचे माप, सुमारे १.१ मीटर प्रति सेकंद होता. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या ताऱ्यासाठी याचा अर्थ पृथ्वीच्या किमान चौपट वस्तुमानाचा ग्रह, ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या एक नवमांश अंतरावर. असे ग्रह विरळ नाहीत, त्यामुळे निष्कर्षात अविश्वसनीय काही नव्हते.

योगायोगाने असे शिखर उमटण्याची शक्यता गणितानुसार हजारात एकापेक्षा कमी निघाली. ताऱ्याच्या चुंबकीय क्रियाशीलतेचे सूचक, म्हणजे कॅल्शियमच्या एच आणि के रेषांतील उत्सर्जन, रेषांची रुंदी आणि रेषांचा तिरकसपणा, यांपैकी कशातही १३.६ दिवसांवर शिखर नव्हते. कॅल्शियमच्या सूचकात २८ दिवसांच्या आसपास एक क्षीण उंचवटा तेवढा दिसत होता. गटातील बहुतेकांचे मत असे पडले की सूचकांत जे दिसत नाही आणि वेगात मात्र दिसते, ते ताऱ्याच्या पृष्ठभागामुळे नसून ग्रहामुळे असले पाहिजे. शोधनिबंधाचा पहिला मसुदा याच युक्तिवादावर उभा होता.

शंका आमच्यातील सर्वांत तरुण संशोधक विद्यार्थिनीने काढली. १३.६ ची दुप्पट सुमारे २७ होते; क्षीण उंचवटा २८ वर आहे; आणि तारा जर २७-२८ दिवसांत स्वतःभोवती फिरत असेल, तर हा संकेत त्याच्या परिवलनकाळाच्या निम्म्यावर बसतो. हे लक्षात आल्यावरही सूचकांचा युक्तिवाद खोडला गेला नव्हता, म्हणून मसुदा तसाच राहिला. तरीही तो पाठवण्याची घाई करू नये एवढे त्या दिवशी ठरले.

हजारात एक ही संख्या काढताना प्रत्येक रात्रीची चूक दुसऱ्या रात्रीच्या चुकीपासून स्वतंत्र आहे असे गृहीत धरलेले असते. ताऱ्यावरचा डाग आज असेल तर तो उद्याही असतो आणि परवाही. त्यामुळे ते गृहीतक आमच्या बाबतीत खरे नव्हतेच. त्या आकड्याने आम्हाला जेवढा धीर दिला, तेवढा देण्याचा त्याला अधिकार नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे ताऱ्याची क्रियाशीलता गाऊसियन प्रोसेस या लवचीक सांख्यिकी पद्धतीच्या साहाय्याने प्रतिरूपित करून, त्यातून उरलेला ग्रहाचा संकेत जाहीर करणे. हा मार्ग रूढ आहे. त्याचा धोका असा की परिवलनासारखे आवर्तन असलेले लवचीक प्रतिरूप खऱ्या ग्रहाचा काही भाग गिळू शकते, आणि उलट, चुकीच्या जुळणीमुळे क्रियाशीलतेचा काही भाग ग्रहाच्या खात्यावरही टाकू शकते. दुसरा पर्याय तिसऱ्या हंगामाची वाट पाहण्याचा होता. तो सर्वांत सुरक्षित होता, पण दुर्बिणीचा वेळ मिळेलच याची खात्री नव्हती, आणि वाट पाहून नेमके काय तपासायचे हेही स्पष्ट नव्हते.

तिसरा पर्याय त्याच विद्यार्थिनीने सुचवला. आमच्या स्पेक्ट्रोग्राफला दिवसा सूर्यप्रकाश पुरवणारी एक छोटी सौर दुर्बीण जोडलेली होती आणि तिची मोजमापे साठत होती. त्यांचा उपयोग तोपर्यंत उपकरणाच्या तब्येतीवर लक्ष ठेवण्यापुरताच होत होता. सूर्य हा असा एकमेव तारा आहे की ज्याभोवती कोणते ग्रह आहेत, त्यांचे वस्तुमान किती आणि ते कोठे आहेत, हे आपल्याला अतिशय अचूकपणे माहीत आहे. त्या ज्ञात ग्रहांचा परिणाम मोजमापांतून वजा करता येतो, आणि मग जे उरते ते पृष्ठभागाचे, वातावरणाचे किंवा उपकरणाचेच असते. साडेतेरा दिवसांचा कोणताही ग्रह सूर्याला नाही. तेव्हा सूर्याची मोजमापे आमच्या ताऱ्याच्या वेळापत्रकानुसार विरळ करून, त्यांना एका अनोळखी ताऱ्याची मोजमापे समजून, आमच्याच पद्धतीने तपासायची. त्यांतूनही ‘ग्रह’ निघाला, तर पद्धत फसवते आहे हे उघड होईल.

गटप्रमुखांचा आक्षेप रास्त होता. सूर्य म्हणजे आमचा तारा नव्हे, आणि सूर्यावर पद्धत फसली म्हणून या ताऱ्यावरही ती फसलीच असे सिद्ध होत नाही. अखेर तिसऱ्या हंगामासाठी अर्ज करायचा आणि तोवर सूर्याची चाचणी घ्यायची, असे ठरले. मसुदा बाजूला ठेवला गेला. या निर्णयाला २०१२ च्या एका प्रसिद्ध दाव्याची पार्श्वभूमी होती. अल्फा सेंटॉरी बी या ताऱ्याभोवती सव्वातीन दिवसांचा, केवळ अर्धा मीटर प्रति सेकंद आयामाचा ग्रह असल्याचे तेव्हा जाहीर झाले होते. पुढे २०१५ मध्ये स्वतंत्र विश्लेषणातून असे दिसले की तो संकेत निरीक्षणांच्या वेळांच्या रचनेतून आणि क्रियाशीलता वजा करण्याच्या पद्धतीतून निर्माण झालेला असावा. निरीक्षणे जेव्हा घेतली जातात त्या वेळाच एखादे आवर्तन उभे करू शकतात, हा धडा आम्हा सर्वांना माहीत होता. स्वतःच्या ताऱ्यावर तो लागू करायला मात्र आम्हाला उशीर झाला.

सूर्याला तारा बनवण्याचे काम

येथे सर्वाधिक वेळ गेला, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. सूर्य आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो, तर इतर सर्व तारे बिंदूसारखे. म्हणून सौर दुर्बिणीत एक लहान भिंग सूर्यप्रकाश आतून पांढऱ्या असलेल्या एका पोकळ गोलात टाकते, तेथे तो असंख्य वेळा परावर्तित होऊन एकजीव होतो, आणि मग ऑप्टिकल फायबरमधून स्पेक्ट्रोग्राफकडे जातो. ही रचना हार्प्स-नॉर्थवर २०१५ मध्ये उभी राहिली. तिचे भिंग जेमतेम तीन इंचांचे आहे. पुढे हार्प्स, नीड, एक्स्प्रेस आणि हवाईमधील केक वेधशाळेच्या स्पेक्ट्रोग्राफनेही तो मार्ग धरला. रात्री तारे पाहणारे उपकरण दिवसा मोकळे असते, त्यामुळे रात्रीचा वेळ न गमावता ही निरीक्षणे होतात.

पहिल्या प्रयत्नात आम्ही सूर्याच्या दैनिक सरासरी घेतल्या आणि पिरिऑडोग्राम काढला. तेरा महिन्यांच्या आसपास एक प्रचंड शिखर आले. वार्षिक तापमानाचा परिणाम असावा असे समजून आम्ही ते गाळून पुढे जाणार होतो. पण तेरा महिने म्हणजे वर्ष नव्हे, आणि दहा-बारा मीटरचा आयाम या उपकरणाच्या तापमानातून येणे शक्य नव्हते. शोध घेतल्यावर चूक सापडली. ताऱ्यांसाठी वेग सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राच्या संदर्भात दुरुस्त करतात, आणि आमच्या प्रणालीने सूर्यासाठीही तेच केले होते. त्या संदर्भात सूर्य स्वतःच गुरूमुळे हलतो. पृथ्वीवरून पाहण्याची दिशा वर्षभर फिरत राहते, त्यामुळे गुरूचा बारा वर्षांचा परिणाम गुरू आणि पृथ्वी यांच्या सापेक्ष आवर्तनाएवढा, म्हणजे ३९९ दिवसांचा होऊन दिसतो. थोडक्यात, आम्ही गुरू ग्रह शोधून काढला होता आणि त्याला दोष समजून पुसून टाकणार होतो. सूर्यासाठी योग्य दुरुस्ती म्हणजे वेधशाळा आणि सूर्याचे केंद्र यांच्यातील प्रत्यक्ष सापेक्ष वेग वजा करणे. तो ग्रहगणितातून लागेल तेवढ्या अचूकतेने मिळतो. ती केल्यावर शिखर नाहीसे झाले.

दुसरा अडथळा ढगांचा होता. ताऱ्यासमोर पातळ ढग आला तर प्रकाश कमी होतो, वेग बदलत नाही. सूर्याचे तसे नाही. सूर्याच्या विषुववृत्ताची एक कड सुमारे दोन किलोमीटर प्रति सेकंद वेगाने आपल्याकडे येत असते आणि दुसरी तितक्याच वेगाने दूर जात असते. संपूर्ण बिंबाची सरासरी घेतली की हे दोन्ही एकमेकांना रद्द करतात, पण दोन्ही बाजूंचा प्रकाश सारखा असेल तरच. येणाऱ्या अर्ध्या बिंबाचा प्रकाश एका टक्क्याने जरी कमी झाला, तरी मोजलेला वेग तीन-चार मीटर प्रति सेकंदाने चुकतो. डोळ्यांना न जाणवणारा ढग एवढे सहज करतो. सूर्य क्षितिजाकडे झुकल्यावर बिंबाची खालची कड वरच्या कडेपेक्षा जाड हवेतून दिसते, आणि तीस अंशांच्या उंचीवरही या फरकामुळे अर्ध्या मीटर प्रति सेकंदाच्या घरातील चूक येऊ शकते. त्याखाली ती झपाट्याने वाढते.

येथे निर्णय घ्यावा लागला. एक मत असे होते की या परिणामांचे गणित करून सर्व मोजमापे वापरावीत. दुसरे मत असे की शंकास्पद ते सरळ टाकावे, कारण सूर्याच्या बाबतीत आमच्याकडे मोजमापांची टंचाई नव्हतीच. आम्ही दुसरे स्वीकारले. सूर्य तीस अंशांपेक्षा वर असतानाचीच आणि प्रकाशमापकाच्या नोंदीत चढउतार नसलेलीच मोजमापे ठेवली. यात जवळपास दर दिवसाचा सकाळ-संध्याकाळचा भाग गेला, पण उरलेल्यावर विश्वास ठेवता आला. आजही मला हा निर्णय योग्य वाटतो. गणिताने दुरुस्त केलेला ढग हा आमच्या चाचणीत आणखी एक संशयित ठरला असता.

आमची स्वतःची मोजमापे मोजक्या काळाची होती. म्हणून हार्प्स-नॉर्थची २०१५ ते २०१८ या तीन वर्षांची सूर्याची मोजमापे, जी २०२१ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, तीही घेतली. तो काळ सौरचक्राच्या उताराचा होता. सुरुवातीला सूर्यावर डाग ठळक होते, आणि २०१९ च्या डिसेंबरातील किमान क्रियाशीलतेकडे जाताना ते विरळ होत गेले. वेगवेगळ्या उपकरणांची सूर्यमोजमापे एकत्र वापरणे योग्य आहे का, हा प्रश्न होताच. हार्प्स, हार्प्स-नॉर्थ, एक्स्प्रेस आणि नीड या चौघांनी २०२१ मध्ये एकाच महिन्यात घेतलेल्या मोजमापांची तुलना प्रसिद्ध झालेली आहे आणि त्यांतील दिवसभराचे चढउतार एकमेकांशी उत्तम जुळतात. वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या वेगवेगळ्या बांधणीच्या उपकरणांत तोच चढउतार दिसतो, तेव्हा तो सूर्याचाच असतो.

चाचणी आणि तिने घातलेला पेच

ताऱ्याच्या १४० रात्रींचे वेळापत्रक, त्यातील खंड आणि ढगाळ रात्रींसह, आम्ही सूर्याच्या मोजमापांवर ठेवले आणि प्रत्येक रात्रीच्या जागी पंधरा मिनिटांची सूर्याची एकच सरासरी उचलली. मग वेळापत्रकाची सुरुवात काही दिवसांनी पुढे सरकवत हेच पुन्हा पुन्हा केले. सूर्याची दिवसभराची, सलग, दाट मोजमापे हाती असताना ती अशी विरळ करणे मनाला पटत नव्हते, पण चाचणीचा जीव तेथेच होता. दाट मोजमापांतून मिळालेले उत्तर आमच्या ताऱ्याला लागू पडले नसते.

सूर्य मध्यम क्रियाशील असतानाच्या भागांत तेरा ते साडेचौदा दिवसांच्या दरम्यान, एक मीटर प्रति सेकंदाच्या आसपासचे शिखर वारंवार उमटले. त्यांतील काही वेळा गणिताने त्याला हजारात एकापेक्षाही कमी योगायोगाचे प्रमाणपत्र दिले. आणि मुख्य म्हणजे, त्या वेळी कॅल्शियमच्या सूचकात साडेतेरा दिवसांवर काहीच नव्हते. जे होते ते २७ च्या जवळ आणि अंधूक. आमच्या ताऱ्याचे चित्र हुबेहूब समोर आले होते.

याचे कारण भौतिकीत आहे आणि ते समजल्यावर सूचकांचा युक्तिवाद कोसळतो. बिंबाच्या येणाऱ्या बाजूवर डाग असेल तर आपल्याकडे येणारा प्रकाश कमी पडतो आणि तारा दूर जातो आहे असे भासते. डाग मध्यरेषा ओलांडून जाणाऱ्या बाजूवर गेला की उलटे घडते. म्हणजे डाग दिसत असतानाच्या अर्ध्या परिवलनातच वेगाचे एक पूर्ण वर-खाली होऊन जाते, आणि उरलेल्या अर्ध्यात काहीच नसते. म्हणून वेगातील संकेत परिवलनकाळाच्या निम्म्यावर जोर धरतो. कॅल्शियमचे उत्सर्जन मात्र प्रदेश समोर असताना वाढते आणि मागे गेल्यावर घटते, म्हणून ते पूर्ण परिवलनकाळ दाखवते. चुंबकीय प्रदेशांचा दुसराही एक परिणाम असतो. पृष्ठभागावर वर येणारा तप्त, तेजस्वी वायू खाली जाणाऱ्या थंड वायूपेक्षा जास्त प्रकाश देत असल्यामुळे सूर्याचा वर्णपट एरवी काहीशे मीटर प्रति सेकंदाने निळसर झुकलेला असतो, आणि चुंबकीय क्षेत्र हे अभिसरण जेथे दडपते तेथे हा झुकाव कमी होतो. सूर्यासाठी दिवसागणिक होणाऱ्या बदलांत हा परिणाम सर्वांत मोठा असल्याचे वेस्टा या लघुग्रहावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश हार्प्सने मोजून, आणि त्याच वेळच्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी या उपग्रहाच्या प्रतिमांशी ताडून, २०१६ मध्ये दाखवले गेले. दोन्ही परिणाम मिसळतात, प्रदेश सूर्याच्या दोन विरुद्ध बाजूंना असतील तर निम्म्या आवर्तनाला आणखी बळ मिळते, आणि सूचक यातले काहीच सांगत नाहीत.

एवढ्यावर निर्णय व्हायला हवा होता असे वाटेल, पण पेच येथेच पडला. सूर्याच्या शांत काळातल्या, २०१७ च्या उत्तरार्धापासून पुढच्या मोजमापांत तोच संकेत क्वचितच आला, आणि आला तरी निम्म्या आयामाचा. गटप्रमुख म्हणाल्या की आपला तारा शांत आहे, तेव्हा त्याची तुलना शांत सूर्याशी करायला हवी; म्हणजे चाचणीने दावा मोडलेला नाही, उलट त्याला आधार दिला आहे. विद्यार्थिनीचे म्हणणे असे की कॅल्शियमच्या सूचकानुसार तारा सौरचक्राच्या मध्याजवळ बसतो, किमान पातळीवर नाही. दोघींचेही म्हणणे चुकीचे नव्हते, कारण त्या सूचकातील अनिश्चितता दोन्ही अर्थांना जागा देत होती. खरी चूक आधी घडली होती. कोणता निकाल आला तर आपण दावा सोडू, हे आम्ही चाचणीपूर्वी लिहून ठेवले नव्हते, आणि आता निकाल पाहून प्रत्येक जण आपल्याला पटेल तो सूर्य निवडत होता.

या वादात दोन आठवडे गेले. शेवटी एका कागदावर पुढच्या चाचणीची अट आधी लिहिली गेली आणि पाचही जणांनी ती मान्य केली. शांत सूर्याच्या मोजमापांत १.१ मीटर प्रति सेकंद आयामाचा, १३.६ दिवसांचा कृत्रिम ग्रह मिसळायचा, आणि तो दोन्ही हंगामांत वेगवेगळा मोजून पाहायचा. खरा ग्रह दोन्ही हंगामांत एकाच आयामाने दिसायला हवा. विखुरणे किती असू शकते हे शांत सूर्य सांगेल. आमच्या ताऱ्यात हे दोन आयाम वेगळे होते. पहिल्या हंगामात सुमारे दीड मीटर, दुसऱ्यात जेमतेम ०.८. हा फरक शांत सूर्यातील विखुरण्याच्या आत बसला तर दावा पुढे न्यायचा, बाहेर गेला तर सोडायचा.

फरक बाहेर गेला. शांत सूर्यात मिसळलेला ग्रह दोन हंगामांत इतका वेगळा कधीच मोजला गेला नाही. तारा शांत सूर्यासारखा असेल तर ग्रहाचा आयाम असा बदलायला नको होता. तारा मध्यम क्रियाशील सूर्यासारखा असेल तर असा संकेत ग्रहाविनाही येतो. दोन्ही वाटांनी दावा टिकत नव्हता. याच चाचणीत आणखी एक गोष्ट नजरेस आली: गाऊसियन प्रोसेसचे प्रतिरूप वापरल्यावर मिसळलेल्या ग्रहाचा आयाम बऱ्याच वेळा खऱ्यापेक्षा कमी निघत होता. पहिला पर्याय निवडला असता तर आम्ही ग्रहाचे वस्तुमानही चुकीचे छापले असते.

परिणाम

दावा जाहीर केला नाही. तिसरा हंगाम मिळाला आणि त्यातील मोजमापे मिळवल्यावर १३.६ दिवसांचे शिखर वाढण्याऐवजी खचले. ग्रहाचा संकेत घड्याळासारखा असतो. जितकी मोजमापे वाढतील तितका तो ठळक होत जातो आणि त्याची कला, म्हणजे चढउतारांची वेळ, जागेवर राहते. आमच्या संकेताची कला तिसऱ्या हंगामात सरकली होती. कॅल्शियमच्या सूचकात परिवलनाचा उंचवटा मात्र या वेळी अधिक स्पष्ट, साडेसत्तावीस दिवसांवर दिसला.

या ताऱ्याभोवती ग्रह नाहीच असे यातून सिद्ध होत नाही. मिसळण्याच्या चाचण्यांवरून आम्ही एवढेच सांगू शकलो की या वेळापत्रकाने कोणत्या आयामाखालचे ग्रह दिसूच शकले नसते, आणि तेवढ्याच निष्कर्षाचा निबंध लिहिला. ज्या विद्यार्थिनीच्या शंकेमुळे हे सारे घडले, तिच्या नावावर ग्रहाचा शोध लागला नाही. अशा कामाचे मोल निवड समित्यांना दिसत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

निरीक्षणांची पद्धतही बदलली. पंधरा मिनिटांची सरासरी पाच मिनिटांच्या कंपनांना पुरेशी शांत करते, पण दिवस-दीड दिवस टिकणाऱ्या मोठ्या प्रवाहांना ती जवळपास स्पर्शही करत नाही, हे सूर्याच्या सलग मोजमापांनी दाखवले. आता त्याच ताऱ्याची रात्रीतून दोन निरीक्षणे काही तासांच्या अंतराने घेतली जातात, आणि एकूण वेळ तेवढाच राहतो.

वेगळे काय करता आले असते

सूर्याची चाचणी मसुदा लिहिल्यावर करण्याऐवजी पहिल्या हंगामाचे वेळापत्रक आखण्यापूर्वी करायला हवी होती. कोणत्या वेळापत्रकात परिवलनाचे निम्मे आवर्तन ग्रहासारखे दिसते, हे आधी कळले असते तर खंडांची जागा बदलता आली असती. चाचणीची अट निकालापूर्वी लिहिण्याबद्दल वर आलेच आहे. ते दोन आठवडे वाचले असते हा भाग गौण आहे; त्या वादात कोणी जरा अधिक जोर लावला असता तर शांत सूर्याच्या नावाखाली दावा बाहेर पडला असता, हे गंभीर आहे.

सूर्याच्या साक्षीच्या मर्यादाही आम्ही उशिरा लक्षात घेतल्या. सूर्याचा आस पृथ्वीच्या कक्षेच्या लंबाशी फक्त सव्वासात अंशांनी कललेला असल्यामुळे आपल्याला तो नेहमी जवळजवळ विषुववृत्ताच्या बाजूनेच दिसतो. जो तारा आपल्याला ध्रुवाकडून दिसत असेल, त्यावरील डाग मावळणारच नाहीत, आणि निम्म्या आवर्तनाचा वरचा युक्तिवाद तेथे तसाच लागू होणार नाही. सूर्यापेक्षा थंड, नारिंगी किंवा तांबड्या ताऱ्यांवर अभिसरणाचे स्वरूपच वेगळे असते. आमचा तारा सूर्यासारखा होता म्हणून ही तुलना चालली. पुढच्या निरीक्षणयादीत थंड ताऱ्यांचा मोठा वाटा आहे, आणि त्यांच्यासाठी अशी माहीत उत्तरांची प्रश्नपत्रिका आमच्याकडे नाही.

एक व्यावहारिक मतभेद अजून मिटलेला नाही. रात्रीच्या निरीक्षणांसाठी लागणारे तरंगलांबीचे कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणाची मापे ज्ञात तरंगलांबींशी ताडून घेणे, दुपारी होते, आणि नेमक्या त्याच वेळी सूर्य उंच असतो. उपकरण सांभाळणारे सहकारी कॅलिब्रेशनचा वेळ कमी करायला तयार नाहीत, आणि त्यांची बाजू खोटी नाही. रात्रीचे प्रत्येक मोजमाप त्यावर उभे असते. सध्या एक दिवसाआड दुपार सूर्याला दिली जाते. सूर्याच्या कोणत्या दिवसांची नोंद राहावी आणि कोणत्या दिवसांची जावी, हे एका ठरावीक आवर्तनाने ठरणे मला धोक्याचे वाटते, म्हणून या दुपारी अनियमित अंतराने वाटून द्याव्यात असा प्रस्ताव मी दिला आहे, आणि त्यावर पुढच्या हंगामापूर्वी निर्णय व्हायचा आहे.